१९६९ च्या कॅमॅरोला नवी चाकं घेताना: आधी टेप, मग पसंती

जुन्या मसल कारला (साठ-सत्तरच्या दशकातल्या दणकट इंजिनाच्या अमेरिकन गाडीला) चाकं शोधायला बसलं की पहिल्या पाच मिनिटांत एखादं डिझाइन डोळ्यांत भरतं, आणि पुढचे कित्येक महिने ते आपल्या गाडीत कसं कोंबायचं याची खटपट चालते. हा क्रम उलटा हवा. ब्रेकवरून चाकाचा व्यास ठरतो, मडगार्डच्या आतल्या जागेवरून रुंदी आणि खोली ठरते, आणि जे उरतं त्यातून रूप निवडायचं.

उदाहरणासाठी इथे १९६९ ची शेव्हरले कॅमॅरो घेतली आहे. अमेरिकेत राहणारे आपले लोक जुन्या गाडीच्या नादाला लागतात तेव्हा हिचं नाव यादीत हमखास असतं, शिवाय हिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. मस्टँग, डॉज किंवा प्लिमथ असेल तर पद्धत हीच, आकडे वेगळे. ते त्या त्या ठिकाणी दिले आहेत.

शब्दांचा एक घोळ आधीच मिटवू. आपल्याकडे टायरवाल्याच्या दुकानात स्टीलच्या चाकालाच ‘डिस्क’ म्हणतात. अमेरिकेत डिस्क म्हटलंत तर समोरचा ब्रेककडे बघेल. आपला ‘पीसीडी’, म्हणजे चाकाचे नट ज्या वर्तुळावर असतात त्याचा व्यास, अमेरिकेत ‘बोल्ट पॅटर्न’ होतो आणि तो नटांच्या संख्येसह इंचात सांगतात. आणि चाक गाडीला जिथे टेकतं ती जागा चाकाच्या मध्यापासून किती सरकलेली आहे, हे आपण ऑफसेट म्हणून मिलिमीटरमध्ये मोजतो. त्याऐवजी जुन्या गाड्यांची मंडळी ‘बॅकस्पेसिंग’ बोलतात, त्याचा हिशेब सहाव्या पायरीत आहे.

लागणारं साहित्य

- तीन फुटी सरळ स्टीलची पट्टी आणि इंच-मिलिमीटर दोन्ही असलेला टेप
- व्हर्नियर कॅलिपर
- ओळंबा (दोऱ्याला जड नट बांधलात तरी काम होतं)
- जॅक, चार जॅकस्टँड, चाकांना लावायचे ठोकळे
- टॉर्क पाना
- मुलांची खेळायची रंगीत माती, एक डबी (कशाला ते पुढे येईल)
- त्या वर्षाचं कारखान्याचं शॉप मॅन्युअल

१. समोर उभी असलेली गाडी नेमकी काय आहे ते ओळखा

कागदावर १९६९ लिहिलंय म्हणून गाडी १९६९ चीच राहिलेली नसते. पन्नासहून अधिक वर्षांत मागचा अॅक्सल बदललेला असू शकतो, ड्रम काढून पुढे डिस्क ब्रेक बसवलेले असतात, स्प्रिंगा कापून गाडी खाली बसवलेली असते, मागचं पॅनल नवं वेल्ड केलेलं असतं. ‘अमुक गाडीला तमुक चाक बसतं’ असे तक्ते कारखान्यातून निघालेल्या गाडीसाठी असतात. सुरुवातीला अंदाज घ्यायला ते ठीक, पण त्यावर ऑर्डर देऊ नका.

म्हणून गाडीखाली शिरा आणि चार गोष्टी लिहून काढा: पुढचे ब्रेक कोणते, मागचे कोणते, अॅक्सल मूळचा आहे का, स्प्रिंगा बदलल्या आहेत का. ब्रेक किंवा सस्पेन्शन बदलायचा विचार असेल तर ते काम आधी उरका. ड्रमच्या जागी डिस्क बसवणारे काही संच चाक दोन्ही बाजूंना थोडं बाहेर ढकलतात. ड्रम असताना घेतलेलं माप मग चुलीत घालायच्या लायकीचं राहतं.

२. बोल्ट पॅटर्न मोजा

पाच नटांच्या चाकात समोरासमोर नट नसतात, त्यामुळे थेट व्यास मोजता येत नाही. शेजारच्या दोन स्टडच्या (नट ज्यावर चढतो त्या बोल्टच्या) मध्यापासून मध्यापर्यंतचं अंतर व्हर्नियरने घ्या आणि १.७०१ ने गुणा.

- २.७९ इंच आलं तर पॅटर्न ५ × ४.७५. कॅमॅरो, शेव्हेल, नोव्हा, फायरबर्ड, जीटीओ.
- २.६५ आलं तर ५ × ४.५. व्ही-८ मस्टँग आणि चार्जर, रोड रनरसारख्या मोठ्या मोपार (डॉज आणि प्लिमथ गाड्या).
- २.३५ आलं तर ५ × ४. जुन्या डार्ट आणि १९६९ पर्यंतच्या बाराकुडा. या पॅटर्नमध्ये निवड फारच तोकडी आहे.

१९६५-६६ ची सहा सिलिंडरची मस्टँग असेल तर तिला चारच नट असतात, हे विकत घेतानाच बघा.

इथे दोन सापळे आहेत आणि दोन्हींत हुशार माणसंही अडकतात. पहिला: २०१० नंतरच्या कॅमॅरोचा पॅटर्न ५ × १२० मिलिमीटर आहे, बीएमडब्ल्यूच्या बऱ्याच गाड्यांसारखा. जुन्या कॅमॅरोचा ४.७५ इंच म्हणजे १२०.६५ मिलिमीटर. फरक अर्ध्या मिलिमीटरच्या किंचित वर, त्यामुळे चाक हाताने ढकललं की चढतं, नटही फिरतात. पण एकही नट आपल्या खाचेत नीट मधोमध बसत नाही. स्टड वाकून ताणाखाली राहतात आणि नट सैल होत जातात. ‘कॅमॅरोचंच चाक कॅमॅरोला’ ही समजूत सोडा.

दुसरा सापळा: १९९३ ते २००२ च्या कॅमॅरोचा पॅटर्न खरोखर ५ × ४.७५ आहे आणि ती चाकं स्वस्तात मिळतात. पण त्यांचा ऑफसेट अधिक ५० मिलिमीटरच्या घरात असतो. जुन्या गाडीवर असं चाक जवळजवळ दोन इंच आत जातं आणि मागे पाट्यांना (लीफ स्प्रिंगांना) जाऊन भिडतं.

३. ब्रेक बघून व्यास ठरवा

ढोबळ हिशेब असा: ११ इंची रोटरला (ब्रेकच्या तबकडीला) १५ इंची चाक, १२ इंचीला १६, १३ इंचीला १७ आणि १४ इंचीला १८. ‘ढोबळ’ म्हणायचं कारण, अडतो तो रोटर नाही, त्याला पकडणारा ब्रेकचा कॅलिपर. त्याची पाठ चाकाच्या नळकांड्याला किंवा चेहरा आऱ्यांना लागतो. कारखान्याचे डिस्क ब्रेक असलेल्या गाडीवर ड्रमच्या काळातलं १४ इंची स्टीलचं चाक चढवून बघितलंत तर हे लगेच कळेल. व्यास पुरेसा वाटतो आणि तरी चाक कॅलिपरवर अडकून बसतं.

ब्रेकचा संच बनवणारे बहुधा कॅलिपरचा कागदी साचा देतात. तो छापून पुठ्ठ्यावर चिकटवा आणि चाकात धरून बघा. छापताना ‘पानाच्या मापात बसवा’ हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर साचा चार-पाच टक्क्यांनी आक्रसतो आणि खोटं समाधान देतो. साच्यावर छापलेली पट्टी खऱ्या पट्टीशी ताडून मगच कात्री चालवा.

चाक हातात आल्यावर मातीची डबी काढायची. कॅलिपरवर तीन ठिकाणी मातीचे गोळे चिकटवा, चाक चढवून दोन नट लावा, हाताने एक फेरा फिरवा आणि उतरवा. दबलेल्या मातीची जाडी म्हणजे तुमची मोकळी जागा. निदान एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर हवी. आतून चिकटवायच्या बॅलन्सिंगच्या वजनांनाही जागा लागते. ती कॅलिपरला घासून उडतात आणि मग स्टीअरिंग का थरथरतंय याचा शोध सुरू होतो.

४. मागची जागा मोजा

सगळ्या कामाचा जीव या पायरीत आहे. एक शनिवार दुपार राखून ठेवा.

गाडी सपाट जागी घ्या, मागची चाकं काढा आणि जॅकस्टँड अॅक्सलच्या नळीखाली लावा, बॉडीखाली नाही. बॉडी उचलून धरली की अॅक्सल खाली लोंबतो आणि सगळी मापं चुकतात. स्प्रिंगांवर गाडीचं वजन असतानाचीच जागा आपल्याला हवी.

चाक ड्रमच्या ज्या सपाट पृष्ठभागाला टेकतं त्याला बैठक म्हणू. स्टीलची पट्टी बैठकीवर आडवी धरा. पट्टीपासून आत, सर्वांत जवळच्या अडथळ्यापर्यंतचं अंतर घ्या. तो अडथळा पाटे असतील किंवा आतला पत्रा. हे झालं आतलं माप. मग मडगार्डच्या ओठावरून, म्हणजे आतल्या बाजूला दुमडलेल्या कडेवरून, ओळंबा सोडा आणि दोऱ्यापासून बैठकीच्या पातळीपर्यंतचं आडवं अंतर मोजा. हे बाहेरचं.

समजा, आतलं माप ५.७५ इंच आणि बाहेरचं ५.२५ आलं. एकूण ११ इंच. दोन्हीकडे अर्धा-अर्धा इंच, चार-चार सूत, मोकळे सोडले तर टायरला जास्तीत जास्त १० इंच म्हणजे २५४ मिलिमीटर राहतात. कागदावर २५५ चा टायर जेमतेम बसेल. पण पाट्यांवरची गाडी वळणावर आडवी थोडी सरकतेच, म्हणून २४५ घ्या. तो ९.६५ इंच रुंद, अर्धा ४.८२.

जागा आत जास्त आहे, बाहेर कमी. चाक पाव इंच आत नेलं तर आत टायर ५.०७ पर्यंत जातो आणि बाहेर ४.५७ पर्यंत. दोन्हीकडे ०.६८ इंच उरतात. हेच चाक पाव इंच न सरकवता घेतलंत तर बाहेर ०.४३ उरतात. एकटे फिराल तेव्हा काही होणार नाही. मागे दोन माणसं बसली आणि गाडी खड्ड्यात गेली की ओठ टायरला सुरीसारखा लागतो.

हे सगळं दुसऱ्या बाजूलाही करा. या गाड्यांचा मागचा अॅक्सल नेमका मधोमध क्वचितच असतो. दोन-तीन सुतांचा फरक सहज निघतो, आणि पॅनल बदललेलं असेल तर विचारूच नका. हिशेब नेहमी अडचणीच्या बाजूचा धरायचा.

५. पुढची जागा

पुढे जॅकस्टँड खालच्या कंट्रोल आर्मखाली. आतल्या बाजूला टाय रॉडचं (स्टीअरिंगच्या दांड्याचं) टोक आणि वरचा बॉल जॉइंट बघा. मग स्टीअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवून मडगार्डचा पुढचा खालचा कोपरा आणि स्वे बार तपासा. सरळ चाकाला भरपूर जागा दिसते, घासतं ते वळवल्यावर.

पुढे रुंदीचा हव्यास नको. चाक फार बाहेर गेलं की स्टीअरिंग जड होतं, रस्त्यातल्या खाचा हातात जाणवतात आणि बेअरिंगवर जादा भार येतो.

६. बॅकस्पेसिंगचा हिशेब

चाक पालथं घालून आतल्या कडेवर पट्टी आडवी ठेवली, की पट्टीपासून बैठकीपर्यंतची खोली म्हणजे बॅकस्पेसिंग. आणि चाकाची सांगितलेली रुंदी ही टायर जिथे बसतो तिथली असते. दोन्हीकडच्या कडा धरून चाक साधारण एक इंच जास्त भरतं. ८ इंची चाक प्रत्यक्षात ९ इंच. हा एक इंच विसरला की पुढचं सगळं गणित अर्ध्या इंचाने चुकतं, आणि चुकीच्या ऑर्डरी बहुतेक इथूनच जन्माला येतात.

सूत्र सोपं: (रुंदी + १) ÷ २, त्यात ऑफसेटचे इंच मिळवा. ८ इंची चाक, ऑफसेट शून्य, तर ४.५. वरच्या उदाहरणात पाव इंच आत हवं होतं, म्हणजे ४.७५. मिलिमीटरमध्ये तोच ऑफसेट अधिक ६. आता मघाच्या १९९३ नंतरच्या चाकाचं करून बघा: ८ इंच रुंद, ऑफसेट अधिक ५० धरला, तर बॅकस्पेसिंग जवळपास साडेसहा इंच. आतलं माप ५.७५ असलेल्या गाडीत ते कुठे जाणार?

अशा वेळी स्पेसर सुचवला जातो. पाव इंचापेक्षा जाड स्पेसर घातला तर लांब स्टड घालावेच लागतात. चाक चुकीचं निवडल्यावर दंड भरायचा तो हा. आधीच बरोबर बॅकस्पेसिंग मागवा.

७. टायर

१९६९ च्या कॅमॅरोच्या एसएस प्रकाराला १४ × ७ चाकं आणि एफ७०-१४ टायर होते, झेड/२८ प्रकाराला १५ × ७ आणि ई७०-१५. आजच्या भाषेत एफ७०-१४ म्हणजे साधारण २२५/७० आर १४, उंची २६.४ इंच. नव्या टायरची उंची याच्या आसपास ठेवा, म्हणजे स्पीडोमीटर फार खोटं बोलणार नाही आणि कमानीतली पोकळीही विचित्र दिसणार नाही.

- २३५/६० आर १५: २६.१ इंच
- २५५/६० आर १५: २७ इंच, फक्त मागे, आणि जागा मोजूनच
- २४५/४५ आर १७: २५.७ इंच
- २७५/४० आर १७: २५.७ इंच, रुंद चाक आणि भरपूर आतली जागा असेल तरच

१४ इंचीत चांगली पकड देणारे टायर जवळपास मिळत नाहीत. १५ इंचीत पांढऱ्या अक्षरांचे टायर मिळतात, गाडी जुन्या फोटोतल्यासारखी दिसते, पण पकड बेताचीच. जोरात चालवायची असेल तर १७. याहून मोठी चाकं या बांध्याला शोभत नाहीत असं प्रस्तुत लेखकाचं मत. १८ चे चाहते रागावतील, रागावोत.

जुन्या पद्धतीचे बायस-प्लाय आणि रेडियल एकाच गाडीत मिसळू नका. दोन्हींची वळणावरची वागणूक वेगळी असते. चाकांसोबत ‘जवळजवळ नवे’ टायर मिळत असतील तर बाजूवरचा डॉट (DOT) क्रमांक वाचा. २००० नंतरच्या टायरवर शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: ३२१४ म्हणजे २०१४ चा ३२ वा आठवडा. खाचा खोल दिसल्या तरी तो टायर टाकायचाच आहे, किंमत त्या हिशेबाने करा.

८. आता डिझाइन

अमेरिकन रेसिंग कंपनीचं टॉर्क थ्रस्ट १९६३ चं, क्रेगरचं एस/एस १९६४ चं. मॅग्नम ५०० फोर्ड आणि मोपारवर शोभतं, रॅली चाक शेव्हरलेवर. टॉर्क थ्रस्टमध्ये ‘डी’ नावाचा प्रकार आहे, त्याचे आरे डिस्क ब्रेकला जागा देण्यासाठी वेगळे वळवलेले असतात. डिस्क असलेल्या गाडीला तोच बघा.

मूळ रॅली चाकं घेत असाल तर व्हॉल्व्हच्या भोकाजवळचा ठसा वाचा. ‘वायएच’ हे १९६९ च्या झेड/२८ चं १५ × ७. कॉर्व्हेटचं ‘एझेड’ १५ × ८ दिसायला तेच आणि पॅटर्नही तोच, पण बॅकस्पेसिंग वेगळं. विकणारा ‘कॅमॅरोला बसतात’ म्हणाला तरी पट्टी लावा.

जुनं चाक घेताना नटांची भोकं लांबट झाली आहेत का, मधल्या भोकाभोवती चिरा आहेत का, टायर बसतो त्या कडेवर गंज किती, हे बघा आणि बॅलन्सिंग मशीनवर फिरवून घ्या. जुनी खरीखुरी मॅग्नेशियमची चाकं भिंतीवर टांगायला उत्तम. हा धातू आतून खात जातो आणि वरून पत्ता लागत नाही. चिरा तपासून घेतल्याशिवाय ती रस्त्यावर नेऊ नयेत.

पुढच्या हबवरची ग्रीसची टोपी बाहेर किती येते तेही मोजा. मधोमध बंद असलेलं चाक किंवा चपटी टोपी तिला अडते आणि चाक बैठकीला टेकतच नाही.

९. नट

कॅमॅरोचे स्टड ७/१६ इंची, इंचाला २० आटे. मस्टँग व्ही-८ आणि मोठ्या मोपारचे अर्धा इंची, तेही २० आट्यांचे. १९७० पर्यंतच्या मोपारमध्ये डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. तिथला नट सोडवायला घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. पाना लांब केला, वर उभे राहिले आणि स्टडच तुटला, हा प्रकार नवखेपणी ठरलेला. स्टडच्या टोकावर ‘एल’ कोरलेलं दिसतं का बघा.

चाकाची खाच निमुळती असेल तर ६० अंशांचे निमुळते नट. भोक सरळ असेल तर लांब मानेचे नट आणि वायसर. एकाच्या जागी दुसरा लावला की तो टेकल्यासारखा वाटतो, घट्ट होत नाही. जुनी क्रेगर ‘युनि-लग’ प्रकारची असतील तर भोकं लांबट असतात आणि त्यांचे खास वायसर लागतात. वायसर हरवले असतील तर ती चाकं घेऊच नका.

नट निदान स्टडच्या जाडीइतका आत गेला पाहिजे: अर्ध्या इंचीला १० फेरे, ७/१६ ला सुमारे ९. फेरे हाताने मोजा.

१०. टायर चढवण्याआधी चढवून बघा

टायर चढवलेलं चाक बहुतेक विक्रेते परत घेत नाहीत. म्हणून आधी नुसतं चाक, पुढे एक आणि मागे एक. ड्रमवर कारखान्याच्या पातळ पत्र्याच्या चकत्या स्टडला लावलेल्या राहिल्या असतील तर काढा. बैठकीवरचा गंज तारेच्या ब्रशने साफ करा, नाहीतर चाक तिरकं बसतं.

मग टायर, बॅलन्सिंग, आणि नट एक सोडून एक अशा चांदणीच्या क्रमाने. ७/१६ ला साधारण ६५ ते ७५ फूट-पाउंड, अर्ध्या इंचीला ७५ ते ८५. चाक बनवणाऱ्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. ७५ म्हणजे आपले सुमारे १०० न्यूटन-मीटर. हवेच्या गनने शेवटचं आवळू देऊ नका.

पहिली चक्कर एकट्याने, दुसरी मागच्या सीटवर दोन माणसं बसवून, एकदा रिकाम्या पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून. घरी आल्यावर टायरच्या कडेला आणि मडगार्डच्या आत बोट फिरवा. घासलं असेल तिथे रबराची काळी भुकटी लागते. ५० ते १०० मैलांनंतर सगळे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासा, अॅल्युमिनियमची चाकं या टप्प्यावर किंचित सैल पडतात. काढलेली मूळ चाकं ठशांसकट पुसून, तेलाचा हात फिरवून, माळ्यावर ठेवा. गाडी विकायची वेळ आली तर पहिला प्रश्न त्यांचाच येतो.